मरिनोचा हंगाम कुणाच्या खात्यावर?

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक चालीच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो लांब फेकायचा, शेजारून धावणाऱ्या गड्याच्या हाती द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. त्याची फेक झेलून गडी समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचला की तो टचडाउन पास, आणि ती समोरच्या संघानेच झेलली की इंटरसेप्शन. त्यामुळे संघ जिंकला की हार त्याच्या गळ्यात पडतो आणि हरला की खापरही त्याच्याच डोक्यावर फुटतं. 1984 साली मायामी डॉल्फिन्सचा डॅन मरिनो असा काही खेळला की एका हंगामातल्या फेकीचे जुने विक्रम मोडीत निघाले. पण त्या वर्षी त्याच्या संघाला सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकता आला नाही आणि पुढे सतरा हंगामांच्या कारकिर्दीत तो अंतिम सामन्यापर्यंत पुन्हा कधी पोहोचलाही नाही. विजेत्यांना मिळणारी अंगठी त्याच्या बोटात कधी आली नाही.

या हंगामाकडे बघायचं कसं, यावर मामा-भाचीचा हा संवाद. मामा दक्षिण फ्लोरिडात स्थायिक झालेले, डॉल्फिन्सचे जुने प्रेक्षक. भाची पिट्सबर्गमध्ये संख्याशास्त्र शिकते. मरिनोवर दोघांचाही जीव आहे. वाद आहे तो त्याच्या त्या वर्षाच्या अर्थाबद्दल.

भाची : मामा, माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. क्वार्टरबॅकने खेळलेला सगळ्यांत मोठा हंगाम मरिनोचा, 1984 चा. 48 टचडाउन पास. त्याआधी एका हंगामात 36 च्या पुढे कुणी गेलं नव्हतं. 1961 मध्ये जॉर्ज ब्लँडाने 36 केले, 1963 मध्ये वाय. ए. टिटलने 36 केले, आणि वीस वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. मरिनोने तो एका-दोनाने नाही, बाराने मागे टाकला. म्हणजे विक्रमात एकदम एक तृतीयांश भर. शिवाय 5,084 यार्ड. पाच हजार यार्ड ओलांडणारा तो पहिलाच. आणि हे सगळं कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, तेवीस वर्षांच्या पोराने!

मामा : आकडे खरे आहेत, त्यावर माझा वाद नाही. मी तो हंगाम डोळ्यांनी पाहिलाय. पण आकडा कशातून येतो तेही बघायला हवं. 1978 मध्ये लीगने नियम बदलले. रिसीव्हर पाच यार्ड पुढे गेला की बचाव करणाऱ्याने त्याला धक्का मारायचा नाही. क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, पंजा उघडून समोरच्याला थोपवायची मुभा मिळाली. फेकणाऱ्याला वेळ मिळाला, झेलणाऱ्याला वाट मोकळी झाली. 1981 मध्ये सॅन डिएगोच्या डॅन फाउट्सने 4,802 यार्डांपर्यंत मजल मारलीच होती. पाच हजार कुणीतरी गाठणारच होतं.

भाची : पाच हजाराबद्दल तुझं मान्य. 1984 मध्येच सेंट लुइसच्या नील लोमॅक्सने 4,614 केले, म्हणजे यार्डांमध्ये मरिनो फार दूर नव्हता. पण टचडाउन बघ. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर सिअ‍ॅटलचा डेव्ह क्रीग, 32. लोमॅक्स 28, जो मॉन्टाना 28. नियम सगळ्यांना तेच, हंगाम तोच, सामने सोळाच. मग पहिल्या आणि दुसऱ्यात सोळाचं अंतर कसं? नियम सगळ्यांना थोडं थोडं वर उचलतो. एकट्याला एवढं वर नेत नाही.

मामा : एकट्याला नाहीच नेलं. त्याच्याकडे मार्क क्लेटन आणि मार्क ड्यूपर होते. दोघंही बुटके, दोघंही वाऱ्यासारखे. दोघांनीही त्या वर्षी तेराशे यार्ड ओलांडले. क्लेटनने 18 टचडाउन झेल घेतले, तोही त्या वेळचा विक्रम. मध्ये लाइनवर ड्वाइट स्टीफन्सन, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. अख्ख्या हंगामात मरिनोला चेंडूसकट खाली पाडता आलं ते फक्त 13 वेळा. त्याला उभं राहायला जागा मिळत होती.

भाची : ते 13 तू लाइनच्या नावावर लिहितोस, मी निम्मे त्याच्या मनगटाच्या नावावर लिहिते. मी त्याच्या फेकी पुन्हापुन्हा, थांबवून थांबवून बघितल्यात. बाकीचे चेंडू खाली नेतात, मागे नेतात, मग हात फिरवून सोडतात. मरिनो चेंडू कानाशी धरायचा. कोपर आधीच वर. डावा पाय जेमतेम टेकतो न टेकतो तोच चेंडू सुटलेला असायचा. हात मागे जातच नाही म्हटलं तरी चालेल. समोरचा दांडगा लाइनमन त्याच्यापर्यंत येऊन आदळायचा, पण तोवर चेंडू वीस यार्ड पुढे. आणि तो जिथे फेकायचा तिथे त्या क्षणी कुणी नसायचं. क्लेटन वळून तिथे पोहोचायचा तेव्हा चेंडू तिथे आलेला असायचा. त्याला पळता येत नव्हतं रे! सतरा हंगामांत मिळून पळून काढलेले यार्ड फक्त 87. जो पळू शकत नाही तो इतका कमी वेळा सापडतो, याचा अर्थ तो हाताने सुटायचा.

मामा : तू राहतेस त्याच गावचं पोर ते.

भाची : ओकलंडचं. आमचं विद्यापीठ त्याच भागात. चढावरच्या अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली विटांची घरं. तिथल्या एका मैदानाला आता त्याचं नाव आहे. वडील वर्तमानपत्रांचे गठ्ठे पोचवणारा ट्रक चालवायचे. शाळा इथली, विद्यापीठही पिट्सबर्गच. शेवटच्या वर्षी खेळ उतरला, 17 टचडाउन आणि 23 इंटरसेप्शन. वर अफवा उठल्या. 1983 च्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, त्यांत हा सहावा. सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामीने घेतला. पिट्सबर्ग स्टीलर्सची पाळी एकविसावी होती. गल्लीतला मुलगा समोर असताना त्यांनी बचावातला गडी निवडला.

मामा : आणि त्याच स्टीलर्सना त्याने जानेवारी 1985 मध्ये सुपर बोलच्या उंबरठ्यावर 45-28 ने धुतलं. 421 यार्ड, चार टचडाउन. ऑरेंज बोल स्टेडियमचा आवाज काय होता म्हणून सांगू! हंगामाच्या पहिल्या सामन्यात वॉशिंग्टनमध्ये जाऊन पाच टचडाउन टाकले होते, तेव्हापासून हे गाव वेडं झालं होतं. सलग अकरा विजय. शेवटी चौदा जिंकले, दोन हरले. पण त्या दोनांतला एक सामना लक्षात ठेव. डिसेंबरमध्ये रेडर्सविरुद्ध त्याने 470 यार्ड फेकले, चार टचडाउन केले, आणि आम्ही 45-34 ने हरलो. त्याचीच एक फेक माइक हेन्सने अडवून 97 यार्ड पळत नेली. माझं दुखणं तिथे सुरू होतं.

भाची : दुखणं म्हणजे?

मामा : संघाने चेंडू फेकण्यावर एवढा भार टाकला की दुसरं काही उरलंच नाही. 20 जानेवारी 1985, स्टॅनफर्ड स्टेडियम. समोर सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, पंधरा विजय आणि एक हार घेऊन आलेले. चार भागांतला पहिला संपला तेव्हा आम्ही 10-7 ने पुढे होतो. मरिनो मधे न थांबता, गडी बदलायला सवड न देता चाली खेळत होता. मग त्यांचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या माणसांनी एक साधी गोष्ट केली. मायामी धावून खेळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी धावणाऱ्याला अडवायचे जड गडी कमी केले आणि पास अडवणारा पाचवा गडी मागे आणला. मागच्या फळीतले रॉनी लॉट, एरिक राइट, ड्वाइट हिक्स, कार्लटन विल्यमसन हे चौघंही त्या वर्षी प्रो बोलला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याला, निवडले गेलेले, त्यात आणखी एकाची भर. पुढचे चौघं नुसते मरिनोवर सुटले. चार वेळा त्याला पाडला. हंगामभरात तेरा, आणि त्या एका दिवसात चार.

भाची : तरी 50 फेकींत 29 पूर्ण, 318 यार्ड.

मामा : आणि एक टचडाउन, दोन इंटरसेप्शन. अगं, मी तुला वेगळा आकडा सांगतो. त्या सामन्यात आमचा संघ किती वेळा धावला? नऊ वेळा. किती यार्ड? पंचवीस. समोरचे चाळीस वेळा धावले, 211 यार्ड. मॉन्टाना एकटाच 59 यार्ड पळाला. उत्तरार्धात आमचा एकही गुण नाही. 38-16. धावायची भीतीच नसेल तर बचाव करणाऱ्याने फसायचं कशाला?

भाची : मग हा दोष मरिनोचा कसा? धावणारे गडी निवडणं हे त्याचं काम नव्हतं. आणि बचाव? त्यांनी 537 यार्ड दिले त्या दिवशी. मॉन्टानाला अडवायला मरिनो मैदानात नव्हताच. या खेळात आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे. तो बाकावर बसून बघत होता.

मामा : दोष म्हणत नाही, किंमत म्हणतो. डॉन शूला हे प्रशिक्षक आठव. याच शूलांनी 1972 मध्ये एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं होतं. पुढच्या हंगामात मिनेसोटाविरुद्धचा सुपर बोल 24-7 ने जिंकला, त्या सामन्यात त्यांच्या क्वार्टरबॅकने, बॉब ग्रीसीने, फक्त सात फेकी केल्या. सात! बाकी सगळा सामना लॅरी झोंका छाताड पुढे काढून धावला, 145 यार्ड. तेच प्रशिक्षक, तोच क्लब. सात फेकींवर जिंकले आणि पन्नास फेकींवर हरले. हातात मरिनो आला आणि शूलांसारख्या माणसाचाही तोल एका बाजूला गेला. त्या 48 टचडाउननी क्लबला वाटायला लावलं की हा हात आहे ना, बाकी जमून जाईल. ते जमलं नाही. 1986 मध्ये त्याने पुन्हा 44 टचडाउन केले आणि संघ आठ जिंकला, आठ हरला. मरिनोच्या सतरा वर्षांत मायामीच्या एखाद्या धावणाऱ्याने हंगामात हजार यार्ड ओलांडले ते फक्त एकदा, 1996 मध्ये करीम अब्दुल-जब्बारने.

भाची : तू बोलतोस ते सगळं क्लबच्या खात्यावर जातं, मामा, आणि ऐकणारा ते मरिनोच्या नावावर लिहितो. मला हेच खटकतं. लोक क्वार्टरबॅकच्या अंगठ्या मोजतात. क्रिकेटमध्ये हरलेल्या सामन्यातलं शतक शतकच राहतं, मग इथे हरलेल्या अंतिम सामन्याने आधीचा अख्खा हंगाम का पुसायचा? 2000 च्या हंगामात बाल्टिमोरने सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर. त्या सामन्यात 25 फेकींत 12 पूर्ण, 153 यार्ड. अंगठी मिळाली आणि पुढच्या हंगामात त्याच संघाने त्याला ठेवलं नाही. क्लबला स्वतःलाच माहीत होतं की अंगठी बचावाने मिळवून दिलीय. मग डिल्फर मरिनोपेक्षा मोठा?

मामा : डिल्फरचं उदाहरण सोपं आहे. मी अवघड देतो. जॉन एल्वे. त्याच 1983 च्या ड्राफ्टमधला पहिला. तीन सुपर बोल हरला, तिन्ही वाईट हरला. मग डेन्व्हरला टेरेल डेव्हिससारखा धावणारा मिळाला आणि एल्वेने शेवटच्या दोन्ही हंगामांत अंगठी घेतली. पहिल्या जिंकलेल्या सुपर बोलमध्ये त्याच्या नावावर फक्त 123 यार्ड आहेत, टचडाउन पास एकही नाही. डेव्हिसने 157 यार्ड धावून तीन टचडाउन केले. म्हातारपणी एल्वेने चेंडू दुसऱ्याच्या हातात देणं स्वीकारलं आणि जिंकला. मोठेपणाचा हाही एक प्रकार आहे.

भाची : स्वीकारायला आधी देणाऱ्याला घेणारा हवा! एल्वेला डेव्हिस मिळाला, मरिनोला तो कधी मिळाला नाही. हरलेल्या सुपर बोलमध्ये मरिनोचे 318 यार्ड, जिंकलेल्यात एल्वेचे 123. एल्वे त्या दिवशी मरिनोपेक्षा चांगला फेकला म्हणून जिंकला असं कुणीच म्हणणार नाही. संघ चांगला होता म्हणून जिंकला. तूच माझी बाजू मांडतोयस.

मामा : बरं. पण मग 1984 नंतरची पंधरा वर्षं? मोठा खेळाडू एका हंगामावर तोलायचा नसतो.

भाची : ती वर्षं घेऊनच बोलू. 1985 मध्ये शिकागो बेअर्स बारा सामने अजिंक्य होते. त्यांचा बचाव आजही या खेळातला सर्वांत भयंकर बचाव मानतात. त्या हंगामात त्यांना एकाच संघाने हरवलं, सोमवारी रात्री, मायामीत, 38-24. ऑक्टोबर 1993 मध्ये क्लीव्हलंडला त्याच्या उजव्या पायाची टाचेमागची शीर तुटली, कुणाचा धक्काही लागला नव्हता. बत्तीस वर्षांच्या क्वार्टरबॅकचं तिथे संपतं. 1994 च्या पहिल्याच सामन्यात तो परत आला आणि न्यू इंग्लंडविरुद्ध 473 यार्ड, पाच टचडाउन. 39-35 ने जिंकले. त्याच नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्धचा सामना तर तू मला सांगितलेला.

मामा : तो मी आजही सांगेन. 24-6 ने मागे होतो. घासत घासत 24-21 पर्यंत आलो. अर्धं मिनिटसुद्धा उरलं नव्हतं, चेंडू आठ यार्डांवर. मरिनो हात हलवत ओरडत आला, "क्लॉक, क्लॉक!" म्हणजे चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणार. जेट्सचे गडी सैल पडले. त्याने आपटल्यासारखं केलं आणि कोपऱ्यात मार्क इंग्रमच्या हातात चेंडू ठेवला. तोंडावर रेषसुद्धा हलली नव्हती. 28-24. अख्खं स्टेडियम गप्प.

भाची : आणि युक्ती राखीव क्वार्टरबॅक बर्नी कोसारची होती. म्हणजे मरिनो दुसऱ्याचं ऐकतही होता. 1995 मध्ये त्याने फ्रॅन टार्केंटनचे कारकिर्दीतल्या यार्डांचे आणि टचडाउनचे विक्रम मोडले. थांबला तेव्हा 61,361 यार्ड, 420 टचडाउन, 147 विजय. 2005 मध्ये, पात्र झाला त्या पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेम.

मामा : प्लेऑफचंही सांग. अठरा सामने, आठ विजय. शेवटचा सामना जानेवारी 2000 मध्ये जॅक्सनव्हिलला, 62-7 अशी हार. मला तो सामना विसरायचाय आणि विसरता येत नाही.

भाची : आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात सिअ‍ॅटलला जाऊन जिंकला, तेही शेवटच्या टप्प्यात संघाला पुढे नेऊन. अडतीस वर्षांचा, गुडघ्यांवर कितीदा शस्त्रक्रिया झालेला. पण मामा, माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. 5,084 चा विक्रम मोडायला किती काळ गेला? सत्तावीस वर्षं. 2008 मध्ये ड्रू ब्रीस 5,069 पर्यंत आला आणि पंधरा यार्डांनी चुकला. 48 चा विक्रम पेटन मॅनिंगने 2004 मध्ये 49 करून मोडला, तोही बचाव करणाऱ्यांचे हात बांधणारा नियम लीगने पुन्हा कडक केला त्या वर्षी. मग 2011 आलं. एकाच हंगामात तिघांनी पाच हजार ओलांडले : ब्रीस, टॉम ब्रेडी, मॅथ्यू स्टॅफर्ड. 2013 मध्ये मॅनिंगने 55 टचडाउन केले. 1984 मध्ये जे अचाट होतं ते आता प्रशिक्षक आराखड्यात धरून चालतात. मरिनो पुढच्या तीस वर्षांचा खेळ खेळून दाखवत होता, आणि तोही जुन्या काळच्या मारझोडीत.

मामा : हे मात्र खरं. त्या वेळी क्वार्टरबॅकला किती उशिरा, किती वर मारायचे! आज त्यातल्या निम्म्या धडकांना शिक्षा होईल.

भाची : मग तुलाच विचारते. त्याने खेळ बदलला, सत्तावीस वर्षं कुणाला गाठता येणार नाही असा आकडा ठेवला, पळता येत नसताना हाताच्या वेगावर सतरा वर्षं उभा राहिला. यातलं काय अंगठी नसल्याने कमी होतं?

मामा : यातलं काहीच नाही. ठीक आहे, माझं म्हणणं मी नेमकं करतो. 1984 चा हंगाम मरिनोचा आहे, शंभर टक्के. त्यात नियमांची, क्लेटन-ड्यूपरची, स्टीफन्सनची मदत आहे, पण ती मदत पुढे इतरांनाही मिळाली आणि वीस वर्षं कुणी 48 पर्यंत पोहोचलं नाही. मात्र त्या हंगामातून मायामीने जो निष्कर्ष काढला तो चुकीचा होता. एक माणूस असामान्य निघाला की त्याच्याभोवतीचे लोक आपलं काम सोडून त्याच्याकडे बघत राहतात. क्लब, प्रशिक्षक, आम्ही प्रेक्षकसुद्धा. सामना हातातून निसटला तरी आम्हाला वाटायचं, डॅनी आहे ना! बचाव बांधायचा, धावणारा शोधायचा, हा तगादा आम्ही लावलाच नाही. त्याच्या खेळाने आमच्या मागण्या कमी केल्या.

भाची : एवढं मीही मान्य करते. असामान्य माणसामुळे बाकीच्यांचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. तो आहे तोवर बाकी सगळं उभं करायला हवं, कारण तसा पुन्हा येईल याची खात्री नसते. मायामीला ती घाई वाटली नाही. पण मग "अंगठी कुठे आहे?" हा प्रश्न मरिनोला विचारू नये. तो क्लबला विचारावा.

मामा : विचार. आणि ज्याला उत्तर शोधायचं असेल त्याने स्टॅनफर्डच्या त्या दिवसाचा आकडा समोर ठेवावा : नऊ धावा, पंचवीस यार्ड. मरिनोने तिथे कमी काही ठेवलं नव्हतं. कमी पडलं ते आम्ही त्याच्या शेजारी काही उभं केलं नाही म्हणून.